उशीतला नीलम

उशीत काहीतरी कडक आहे हे मला कळलं तेव्हा मी मोठ्या सुखात होतो. साधना नुकतीच रिकामा कप घेऊन स्वयंपाकघरात गेली होती आणि जायच्या आधी पलंगाच्या काठावर बसून माझं स्वप्न ऐकून गेली होती. पोरगी रूपाली लग्न होऊन पुण्याला गेली, केस पिकले, अशा वयात बायको सकाळी चहा घेऊन येते आणि ‘झोप लागली का बरी? काही सपन पडलं का?’ असं विचारते, हे सुख ज्याच्या वाट्याला आलं असेल त्यानेच माझ्याशी बोलायला यावं. आमच्या घरी सकाळच्या बोलण्याचे विषय ठरलेले आहेत : दूध, नळ, सिलिंडर आणि रूपालीचा फोन. भांडण नाही, अबोला नाही, नुसती सवय. त्यातून गेल्या काही महिन्यांत एक विषय घरात असा येऊन बसला की त्याच्या भीतीने होतं नव्हतं ते बोलणंही आटलं. साधनाच्या पोटात, गर्भाशयाच्या बाजूला, गाठ आहे. ‘काढून टाका, उशीर करू नका, ती कसली आहे ते काढल्यावरच नक्की कळेल,’ असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. साधना म्हणाली, ‘पाहू.’ तिची आई अशाच एका ऑपरेशनसाठी अकोल्याच्या दवाखान्यात पायी चालत गेली होती आणि टेबलावरून उठलीच नाही. साधना तेव्हा शाळेत होती. त्यामुळे तिच्या ‘पाहू’वर मी काय बोलणार? दिवाळी झाली, पाहू. संक्रांत झाली, पाहू. आणि मग काल सकाळी ती अचानक काठावर बसली आणि तिने माझी झोप विचारली.

काल मी गडबडलोच. खरं पडलेलं स्वप्न सांगण्यासारखं नव्हतं. पण ती माझ्या तोंडाकडे इतकी टक लावून बघत होती की ‘काही नाही पडलं’ म्हणायला जीव होईना. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांत बघतो, माझ्या डोळ्यांत कोणी बघत नाही. मी ठोकून दिलं : धामणगावच्या रेल्वे स्टेशनवर उभा होतो, तुझे बाबा भेटले, त्यांनी पेढ्यांचा पुडा दिला. तिचे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. धामणगाव तिचं माहेर, पेढे त्यांना आवडायचे, तेवढ्यावर मी गोष्ट उभी केली. साधनाच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ‘त्यायनं देल्ले, का तुमच्याजवळून घेतले?’ तिने विचारलं. मी म्हटलं, दिले. ‘अन् संगं चाल म्हनले का?’ नाही बा. तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. मला वाटलं, बापाच्या आठवणीने गलबलली. आज मी धीट झालो होतो. आज मी तिला भरून वाहणारी नदी सांगितली, काठावर पांढरी गाय सांगितली, साधनाच्या डोक्यावर पाण्याने भरलेली घागरसुद्धा ठेवून दिली. ती हसली. उठताना पांघरुणावरून माझ्या पायावर हात ठेवून गेली. उद्या याहून मोठं काहीतरी सांगायचं असं ठरवून मी पुन्हा आडवा झालो, कूस बदलली, आणि ते कानाला टोचलं.

माझ्या सदऱ्याच्या खिशात चष्म्याचा बारका पेचकस कायम असतो. त्याने उशीच्या कोपऱ्याची शिवण उसवली. कापसात खोचलेली निळ्या कापडाची पुरचुंडी निघाली, बोराच्या बीएवढी. सोडून बघायचीही गरज नव्हती. कुर्बानभाईचं खड्यांचं दुकान आणि माझं दुकान यांत एकच भिंत आहे, अशा पुरचुंड्या त्याच्या काउंटरवरून जाताना मी आयुष्यभर पाहत आलोय. नीलम. बाकी खडे माणूस विकत घेतो आणि घालतो. नीलम आधी घरी नेतात, निळ्या कापडात बांधून उशीखाली ठेवतात, तीन रात्री निजतात, आणि स्वप्नं कशी पडतात ते बघतात. चांगली पडली तर म्हणायचं पचला. वाईट पडली, घरात काही फुटलं, कोणी पडलं-झडलं, तर म्हणायचं नाही पचला, आणि गुपचूप परत करायचा. या प्रकाराची मी किती टिंगल केली असेल! कुर्बानभाईला तर मी तोंडावर म्हणायचो, बाबा रे, तुझा हा एकच माल असा की जो गिऱ्हाईक झोपेत पारखतं. आणि आता माझ्याच कानाखाली तो निघाला. तरी मी तो सोडला आणि खिडकीपाशी जाऊन भिंगातून पाहिला. आत रेशमासारखे बारीक धागे होते, म्हणजे खाणीतला, अस्सल. पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की काठावर बसून तिने विचारलं ते मला नव्हतंच विचारलं. तिने खड्याला विचारलं, आणि मी मध्येच तोंड घालून उत्तर दिलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला अशा गोष्टीचा एवढा अपमान वाटू नये. मला वाटला. पुरचुंडी होती तशी कापसात कोंबली, उशी उलटी करून ठेवली आणि न जेवता दुकानात निघून आलो.

कुर्बानभाई नुकताच शटर वर करून अगरबत्ती लावत होता. मी पायरीवरूनच विचारलं, ‘माह्या घरी नीलम कोणी देल्ला?’ त्याने अगरबत्ती खोचली, गल्ल्यावरचं कापड झटकलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. ‘भाभीनं कसम देल्ली होती, उत्तमभाऊ. तुमाले सांगाचं नाही म्हने. अन् ते बराबरच हाय. सांगतलं त मानूस मुद्दाम चांगलं सपन पाहाले बसते, मंग नीलमले कामच काय राहिलं?’ मी म्हटलं, मला कसली साडेसाती आहे की माझ्या डोक्याखाली शनी आणून ठेवला? त्याने मला आत बोलावलं, स्टूल पुढे केलं. ‘तुमच्यासाठी नाही तो. म्हंजे तुमच्याचसाठी, पन काम भाभीचं हाय. त्यायची अकोल्याची मावशी पत्रिका पाहते ना? तिनं सांगतलं का तुमचा शनी भाभीच्या घरावर बसेल हाय. तुमाले नीलम पचला त ऑपरेशन कराचं. नाही पचला त पोटाले कोनाचा हात लागू द्याचा नाही.’ त्याने दारातून बाहेर पाहिलं. ‘इथंच रडल्या त्या,’ कुर्बानभाई खालच्या आवाजात म्हणाला. ‘या स्टुलावर.’ मी त्या स्टुलावर बसलो होतो. भिंतीच्या पलीकडे त्या वेळी मी कोणाच्या तरी नाकावर चष्म्याची दांडी बसवत असणार. माझ्या बायकोला रडायला शेजारचं दुकान सापडलं आणि मला ते ऐकूही आलं नाही.

मग मी विचारू नये ते विचारलं. हा खडा कोरा आहे का? कुर्बानभाईने काउंटरवरची एक पुडी उगाच सरळ केली. शेवटी म्हणाला, ‘नाही. एका घरून वापस आला.’ काय झालं त्या घरी? ‘आमी इचारत नाही, भाऊ. माहे दादा, म्हंजे अब्बाचे अब्बा, बाळापुरात बसून हाच धंदा करत. ते म्हनत का वापस आलेल्या नीलमचा हाल इचारला का तो हाल दुकानात मुक्कामाले राहते. आमी काही बोलत नाही, कच्च्या दुधात ठेवतो, धुतो, पुडीत बांधतो.’ मी चिडून म्हटलं, आणून देणारा माणूस धडधाकट होता ना, एवढं तर सांग. ‘आनून देनारा ठीक होता,’ तो म्हणाला. त्याची नजर अगरबत्तीकडे होती. ‘पन तो दुसऱ्यासाठी घेऊन गेल्ता.’

मी माझ्या दुकानात येऊन बसलो आणि मला बसवेना. भिंतीला लावलेला अक्षरांचा तक्ता, वर मोठं अक्षर आणि खाली मुंगीएवढी ओळ, आज डोळे वटारून बघत होता. कुर्बानभाईच्या दुकानातली सगळी विद्या मला पाठ आहे. ऐकून ऐकूनच झाली. हकीम लोक काळजाची धडधड थांबावी म्हणून मोत्याची पूड गुलाबपाण्यात खलून द्यायचे. बादशहांच्या वेळी छातीवर हिरवट दगडाची एक चकती बांधत, तिला हौलदिली म्हणत, भित्र्या काळजाचं औषध. फिरोजा आपोआप तडकला तर मालकावरची बला त्याने स्वतःवर घेतली म्हणायचं. पोवळं फिकं पडलं तर बाईची तब्येत बघा. खरा इंद्रनील दुधात टाकला तर दूध निळं दिसतं. हे सगळं तो सांगायचा आणि मी चहा पीत पीत खोडून काढायचो : पोवळं घामाने फिकं पडतं, फिरोजा तेला-साबणाने हिरवा होतो. एका बाबतीत मात्र मी गप्प बसायचो. नागपूरला शिकताना आमच्या मास्तरांनी सांगितलं होतं की खडे पैलू पाडणारे कारागीर डोळे थकले की पाचूकडे बघत बसायचे, आणि चष्म्याची पहिली भिंगं म्हणे त्याच जातीच्या बिनरंगी खड्यातून घासली गेली. म्हणजे मुळात मी कुर्बानभाईच्याच धंद्यातला. हे त्याला मी आजवर कबूल केलेलं नाही. आता माझी खात्री होती की खडा हा खडा आहे, ॲल्युमिनियमचा गंज आणि थोडं लोखंड-बिखंड. आणि तरीही डोक्यात तेच फिरत होतं : तो दुसऱ्यासाठी घेऊन गेला होता. शटर ओढलं. कुर्बानभाईला ‘अकोल्याले जाऊन येतो’ म्हटलं. त्याने कशाला ते विचारलं नाही.

बस बडनेऱ्याच्या पुढे गेली आणि खिडकीतून ऊन थेट मांडीवर पडलं. दोन्ही बाजूंना कपाशी निघून गेलेली काळी वावरं, पऱ्हाट्यांचे ढीग. मी साधनाला न सांगितलेलं स्वप्न आता मला टाळता येईना. दोन्ही रात्री तेच पडलं. माझ्या दुकानातल्या तपासणीच्या खुर्चीवर साधना बसली आहे. तिच्या नाकावर ती अवजड चौकट आहे जिच्यात आम्ही एकामागून एक भिंगं घालून बघतो. मी भिंग घालतो, विचारतो, आता? ती म्हणते, अंधार. दुसरं घालतो. अंधार. भिंगांचा खण रिकामा होत जातो, माझे हात घाईला येतात, शेवटचं भिंग उरतं, ते घालतो, आणि विचारतो, काय दिसतं ते सांग. आणि ती काही सांगत नाही. अंधार असंही म्हणत नाही. मी ओरडतो. तिथे जाग येते. आता या स्वप्नाला कुर्बानभाई काय म्हणेल, मावशी काय म्हणेल, हे सांगायला पत्रिका लागत नाही. परत करा म्हणतील. आणि साधना ऑपरेशन करणार नाही, आणि ती गाठ तिथे बसून आपलं काम करत राहील. म्हणजे माझ्या खोटेपणाने ती वाचते आणि खरेपणाने मरते, असा साधा हिशोब होता. तो मूर्तिजापूरपर्यंत मला पुरला. मूर्तिजापूरला बस थांबली, बायका संत्री घेऊन खिडकीशी आल्या, आणि हिशोबाची दुसरी बाजू उलगडली. समजा पचला पचला म्हणून मी तिला पाठवलं आणि ती आईसारखी टेबलावरच राहिली तर? मग दोन्ही रात्री मला बजावून सांगितलं होतं आणि मी घागर, गाय, पेढे असं सांगत बसलो. मी मानत नाही, हे त्या वेळी कोणाला सांगणार होतो? रूपालीला? मी मानत नाही असं मनात म्हणत होतो आणि हाताला घाम सुटला होता. माझा मलाच राग आला. शेजारच्या माणसाने विचारलं, ‘तब्येत बरी हाय ना बुवा?’ मी त्याच्यावरच खेकसलो.

सत्यभामामावशी जुन्या शहरात एकट्या राहतात. दार उघडून त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि आधी पाणी दिलं. ‘जवाईबापू एकटेच? न सांगता? म्हंजे सापडला तुमाले.’ मी म्हटलं, सापडला. मग मी जे घोकून आलो होतो ते एका दमात बोलून टाकलं, की मावशी, तुमचं तिच्यावर वजन आहे, तुम्ही फक्त तिला फोन करून हो म्हणा, खडा पचला म्हणा, बाकी कशाची वाट बघू नका, डॉक्टरीण म्हणते उशीर झाला. मावशी खाली बसल्या. ‘मी पाहतो ते सांगतो, जवाईबापू. आपल्या मनचं नाही सांगत. सपन काय पडलं तुमाले?’ मी नदी सांगितली. ‘ते तिनं फोनवर सांगतलं. अन् पेढ्याचंही सांगतलं. पेढे तुमी हातात घेतले, का खाल्ले?’ मेलेल्या माणसाच्या हातचं खावं की खाऊ नये, याचा मी ते स्वप्न रचताना विचार केलाच नव्हता. ‘हातात घेतले,’ मी म्हणालो. ‘खाल्ले नाही?’ ‘नाही.’ मावशींनी मान हलवली, पण माझ्या तोंडावरची नजर काढली नाही. भिंतीवर त्यांच्या बहिणीचा, म्हणजे साधनाच्या आईचा फोटो होता. साधना आता त्या फोटोतल्या बाईपेक्षा मोठी दिसते.

‘तुमाले वाटत असन, मावशीनं काय खूळ काढलं,’ त्या म्हणाल्या. ‘माह्या बहिनीच्या टायमाले कोनी काहीच नाही पाह्यलं. डाक्टरनं तारीख देल्ली, आमी तिले तयार करून नेलं. मीच येनी घालून देल्ली होती तिची. तवापासून पाहतो मी. मले काय हौस हाय का लोकाईचे ग्रह मोजाची? साधनाले मी जाऊ नको कधीच म्हनलं नाही. ते इचारते, मावशी जाऊ का? अन् मले हो म्हनाले भेव लागते. म्हनून मी ते त्या नीलमवर टाकलं. तुमाले नाही लागत भेव?’ मी म्हटलं, ‘लागते.’ घरात त्या गाठीचं नाव निघाल्यापासून हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर आला, आणि आला तो भलत्याच गावी, भलत्याच माणसापुढे. मावशींनी पदराने डोळे पुसले आणि लगेच कडक झाल्या. ‘उद्याचं सपन शेवटचं. उद्या सकाळी मले तिचा फोन येईन. जे सांगान ते नीट सांगजा.’ मी चप्पल घालत होतो तेव्हा त्या दारातून म्हणाल्या, ‘अन् जेवून जा म्हनलं असतं, पन तुमी थांबनार नाही.’ मी थांबलो नाही.

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. साधनाने मी कुठे होतो ते विचारलं नाही. भाकरी थापता थापता नांदगाव पेठेच्या कारखान्यात लागलेल्या कोणाच्या तरी भाच्याची हकीकत सांगत होती, नेहमीपेक्षा जास्त बोलत होती, आणि मी नेहमीपेक्षा जास्त ‘हो का’ करत होतो. जेवण झाल्यावर मी खोलीत गेलो. अभ्रा बदललेला नव्हता. मी उलटी करून ठेवलेली उशी सुलट होती. आणि मी पेचकसाने उसवलेला कोपरा पुन्हा शिवलेला होता. आधीची शिवण निळ्या दोऱ्याची होती, ही पांढऱ्या दोऱ्याची. तिने लपवायचा प्रयत्नही केला नव्हता. मी बोट फिरवून पाहिलं. आत तो कडक दाणा होता तिथेच होता. म्हणजे मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. सगळं मोडलं, असं मला वाटलं. कुर्बानभाई म्हणालाच होता, माणसाला कळलं की खड्याला काम उरत नाही. आता उद्या ती विचारणारच नाही. पाहू म्हणेल आणि गॅस लावायला जाईल. मी उशीवर डोकं ठेवलं आणि बाजूला ती भिंतीकडे तोंड करून निजलेली होती. तिचा श्वास झोपलेल्या माणसाचा नव्हता. मीही हललो नाही. माणसं एकाच पलंगावर एवढी वर्षं काढतात आणि अशा वेळी एक हात पलीकडे न्यायचा तर अकोल्याला जाऊन येण्यापेक्षा लांब वाटतं. कधीतरी मला झोप लागली असणार, कारण तेच पडलं. खुर्ची, चौकट, रिकामा खण.

सकाळी ती चहा घेऊन आली. कप टेबलावर ठेवला आणि काठावर बसली. मी उठून बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. ‘काही सपन पडलं का?’ तिने विचारलं. आवाज अगदी कालच्यासारखा ठेवायचा तिने प्रयत्न केला होता, तो शेवटच्या शब्दाला हलला.

रात्री मी एक देखणं स्वप्न तयार करून ठेवलं होतं. त्यात देऊळ होतं, तिच्या हातात हिरवा चुडा होता. ते जिभेवर आलं आणि मला त्याची किळस आली. माझा धंदाच असा आहे की समोरच्याला काय दिसतं ते मला कधीच दिसत नाही. मी भिंगं बदलतो आणि विचारतो, हे बरं की हे? तो सांगेल त्यावर मला त्याचा नंबर काढावा लागतो. ट्रकचे ड्रायव्हर येतात, दाखला पाहिजे असतो, बाहेरच्या बाकावर बसून तक्ता पाठ करून येतात. मी लगेच ओळखतो, कारण मी ओळीवर काठी ठेवायच्या आधीच ते घडाघडा म्हणतात. तसा मी दोन दिवस तिच्यापुढे म्हणत होतो. मी म्हटलं, ‘पडलं. तू माझ्या दुकानात खुर्चीवर होती.’ तिचा हात पांघरुणावर होता, तो थांबला. ‘मी तुले भिंगं लावून राहिलो, अन् तू म्हणे अंधार. एक लावलं, अंधार. दुसरं लावलं, अंधार.’ मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. खण रिकामा झाल्याचं सांगितलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाहेर नळाला पाणी आल्याचा आवाज झाला आणि दोघांपैकी कोणी उठलं नाही. ‘मंग?’ ती म्हणाली.

स्वप्न तिथे संपत होतं. मी तिच्याकडे पाहिलं. कपाळाजवळचे केस पांढरे, डोळ्यांखाली काळं, आणि मी जे म्हणेन ते घ्यायला बसलेली. मी म्हणालो, ‘मंग शेवटचं भिंग लावलं. अन् म्हटलं, काय दिसते ते सांग. तू पह्यले गप्प बसली. मंग म्हणाली, थांबा, दिसून राहिलं.’

‘काय दिसलं?’

‘तक्ता.’

‘कोठवर?’

‘खालपर्यंत. सगळ्यात खालची ओळ.’

तिने माझा कप उचलला आणि तसाच परत ठेवला. मग म्हणाली, ‘तुमी झोपेत ओरडता. तिन्ही रात्री. काय दिसते ते सांग, काय दिसते ते सांग. मी जागीच राहतो.’ मी म्हटलं, ‘म्हणजे तुले पहिल्यापासून...’ ‘हो,’ ती म्हणाली. ‘बाबाचं नाव आयकून दचकलो, पन पेढे, घागर, मले काय समजत नाही का? पन तुमी सांगत होते त म्या ऐकत होतो. मावशीलेही तेच सांगतलं. तुमचं ओरडनं नाही सांगतलं.’ तिने डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. ‘मले पाहाचं होतं का तुमी आज काय सांगता.’ मी तिचा हात धरला. थंड होता. मी म्हटलं, ‘साधना, मले भेव लागते.’ ‘मलेही,’ ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच ती ‘पाहू’ म्हणाली नाही.

तिने उशी मांडीवर ओढली. दाताने पांढरा दोरा तोडला आणि पुरचुंडी काढून माझ्या तळव्यावर ठेवली. ‘अंगठी कराले टाका. चांदीत. मधल्या बोटात घालतात. घालसान ना?’ मी म्हटलं, घालीन. कुर्बानभाई आता जन्मभर माझी टिंगल करणार होता, करू दे. ‘अन् डाक्टरीनबाईले फोन लावा. आत्ताच. मंग मी मावशीले लावतो.’ मी फोन घ्यायला हात पुढे केला तेव्हा तिने तो अडवला.

‘थांबा. ते खालची ओळ काय असते हो? मी त इतक्या वर्षांत कधी पाह्यलीच नाही.’

तक्ता मला झोपेतही पाठ आहे. मी तिला अक्षरं सांगितली. त, प, ल, र, म, ख, ध. तिने भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले आणि परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी ती म्हणू लागली, घाईघाईने, श्वास न घेता, ‘तपलरम’पर्यंत गेली आणि अडखळली.

‘सावकाश,’ मी म्हणालो. ‘एकेक अक्षर. मी हाय इथंच.’